कपातले चीज वजनात किती भरते?

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या मुलीने मॅकरोनी-चीजची कृती पाठवली आहे. तीत ‘किसलेले चेडार 2 कप’ आणि ‘किसलेले पार्मेझान 1 कप’ असे प्रमाण दिले आहे. येथे चीज ग्रॅमच्या हिशेबाने मिळते. कपात 240 मिलिलिटर मावतात, म्हणून 1 कपाला 240 ग्रॅम धरावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तसे धरू नये; चीज दुपटीहून अधिक पडेल आणि सॉस तेलकट व खारट होईल. मिलिलिटर आणि ग्रॅम यांचा मेळ पाण्यासाठी बसतो, दुधासाठीही जवळपास बसतो. किसलेल्या चीजच्या बाबतीत मात्र कपातील अर्ध्याहून अधिक जागा हवेनेच व्यापलेली असते. चेडार वितळवून कप भरला, तर त्याचे वजन 240 ग्रॅमच्या आसपास जाते. तेच चेडार मध्यम भोकांच्या किसणीवर किसून, न दाबता, कपात भरले तर ते सुमारे 113 ग्रॅम, म्हणजे 4 औंस भरते. अमेरिकी पाककृतींत बहुधा हाच हिशेब गृहीत धरलेला असतो, त्यामुळे आपल्या कृतीसाठी चेडार साधारण 225 ग्रॅम घ्यावे. मोझरेलाच्या किसालाही हाच आकडा चालतो. घरी वजनकाटा नसल्यास पाकिटावरील वजनाचा आधार घ्यावा : 200 ग्रॅमच्या वडीतील अर्ध्याहून थोडा मोठा तुकडा किसला की अमेरिकी 1 कप झाला. चेडारऐवजी प्रोसेस्ड चीजचे 25 ग्रॅमचे क्यूब वापरणार असाल, तर एका कपाला साडेचार क्यूब पुरतात. चव मात्र चेडारइतकी तीव्र येणार नाही.

पार्मेझानचे प्रकरण अधिक नाजूक आहे. हे चीज कठीण आणि कोरडे असल्याने बारीक किसतात, आणि किसणीगणिक वजन बदलते. रव्यासारखे दाणेदार किसलेले पार्मेझान कपात सुमारे 100 ग्रॅम मावते, पण अतिशय बारीक दातांच्या किसणीवरून पडणारा हलका, पिसासारखा किस त्याच कपात याच्या निम्म्याहूनही कमी भरू शकतो. कृतीत किसणीचा उल्लेख नसेल, तर आधी 60 ग्रॅम घालून चव पाहावी आणि मग वाढवावे, कारण पार्मेझान मुळातच खारट असते आणि एकदा पडलेले मीठ काढता येत नाही. आम्ही तर सॉसमध्ये वेगळे मीठ घालणे शेवटपर्यंत टाळतो.

प्रश्न : चीजकेकच्या कृतीत क्रीम चीज 8 औंस लिहिले आहे. हे 1 कप समजायचे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : येथे तसे समजल्यास बिघडत नाही. चीजसाठी लिहिलेला औंस हा वजनाचा असतो, द्रवाच्या मापाचा नव्हे. 8 औंस म्हणजे 227 ग्रॅम. क्रीम चीज मऊ असते आणि त्यात पोकळी राहत नाही, म्हणून त्याचा 1 कपही जवळपास 230 ग्रॅमच भरतो. रिकोटाही याच जातीचे, कपाला सुमारे 245 ग्रॅम. याउलट ‘8 औंस किसलेले चेडार’ असे लिहिलेले असेल, तर ते 2 कप होते. आपल्याकडील काही मापाचे कप 250 मिलिलिटरचे असतात. चीजकेकसारख्या पदार्थात तेवढा फरकही जाणवू शकतो, म्हणून क्रीम चीज वजनानेच घ्यावे.