'द बर्निंग ट्रेन' मी चाळीस वर्षं भलत्याच सीनसाठी लक्षात ठेवला

प्रश्न असा आहे: लहानपणी डोक्यावर घेतलेला एखादा आपत्तीपट किंवा मारधाडपट मोठेपणी पुन्हा पाहिल्यावर तुमचं मत बदललं का?

बदललं, आणि दोनदा बदललं.

१९८० साली 'द बर्निंग ट्रेन' आला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आम्ही कल्याणला रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचो. वडील, म्हणजे आमचे अण्णा, कॅरेज खात्यात, म्हणजे डब्यांच्या देखभालीत, फिटर. धर्मेंद्र, हेमामालिनी, विनोद खन्ना, परवीन बाबी, जितेंद्र, नीतू सिंग, डॅनी अशी अख्खी वरात घेऊनही रवी चोप्रांचा हा सिनेमा तेव्हा पडला. पण आमच्या क्वार्टर्समध्ये तो पडलाय हे कुणी आम्हाला सांगितलंच नाही. रेल्वेवाल्यांची पोरं आम्ही, महिनाभर दुसरा खेळ नव्हता. खाटेखाली शिरून डॅनीसारखे ब्रेक काढायचे, एवढंच.

कथा आठवत नसेल त्यांच्यासाठी: दिल्लीहून मुंबईला निघालेली सुपर एक्स्प्रेस, तिच्या पहिल्याच फेरीत डॅनी जुना राग काढायला व्हॅक्युम ब्रेक काढून टाकतो, इंजिनात बॉम्ब ठेवतो आणि उतरून जातो. बॉम्ब फुटतो, ड्रायव्हर जातात, गाडी थांबत नाही. वर डब्यांना आग.

ब्रेकच्या त्या सीनला सगळं थिएटर श्वास रोखून बसलं होतं आणि आमचे अण्णा खो खो हसले. पुढच्या रांगेतला एक जण मागे वळून वळून बघायला लागला. आई पदरात तोंड लपवून बसली.

दुसऱ्या दिवशी अण्णा मला यार्डात घेऊन गेले. एक रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी रांग, उभा होता, इंजिन लागलेलं, व्हॅक्युम धरलेला. शेवटच्या डब्याच्या टोकाला होजपाइप असतो, त्याचं तोंड एका डमीवर बसवून बंद केलेलं असतं. "बघ," म्हणाले आणि त्यांनी पाइप डमीवरून उचलला. फस्स करून हवा आत ओढली गेली, आणि डब्याखालून खट्, मग पुढच्या डब्याखालून खट्, मग त्याच्या पुढच्या. ब्रेक धरत धरत आवाज इंजिनाकडे गेला. मी पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवला तर तो चिकटलाच. भीतीने ओरडलो.

"ब्रेक लावायला काही करावं लागत नाही," अण्णा म्हणाले, "सोडायला लागतं."

सगळी गोम एवढीच आहे. इंजिन पाइपातली हवा सतत खेचून बाहेर काढत असतं, म्हणून ब्रेक सुटलेले राहतात. पाइपात कुठूनही हवा शिरली, मग होजपाइप निघो, फाटो, नाहीतर कुणी साखळी ओढो, की प्रत्येक डब्याखालचा पिस्टन वर जातो आणि चाकांना ब्रेक बसतात. साखळी ओढल्यावर जो फुसकारा ऐकू येतो तो त्याच हवेचा. म्हणजे डॅनीने पाइप तोडला असता तर गाडी दिल्लीहून हललीच नसती. ब्रेक खरंच निकामी करायचे तर एकेका डब्याखाली जाऊन सिलिंडर वेगळा करावा लागेल, आणि तेही सुटण्याआधी गार्ड आपल्या डब्यातल्या काट्यावर व्हॅक्युम बघतो, त्याला चुकवून.

पुढे १९९१ मध्ये मी त्याच खात्यात लागलो. दरम्यान व्हॅक्युम जाऊन एअर ब्रेक आले, पाइपात निर्वाताऐवजी पाच किलोच्या दाबाची हवा आली, पण तत्त्व तेच राहिलं: पाइप तुटला की गाडी थांबली. नव्या पोरांना शिकवताना मी 'बर्निंग ट्रेन'ची टर उडवायचो. हमखास हशा. हे माझं पहिलं बदललेलं मत: सिनेमा भंगार, फक्त कव्वाली चांगली. ('पल दो पल का साथ हमारा' साहिरचं, गायलं रफी आणि आशाने. सिनेमा मार्चमध्ये लागला, जुलैत रफी गेले, ऑक्टोबरमध्ये साहिर. ती कव्वाली आता नुसती मजेत ऐकता येत नाही, ते वेगळं.)

मग टोनी स्कॉटचा 'अनस्टॉपेबल' (२०१०) पाहिला आणि गार झालो. त्यात मालगाडी बिनड्रायव्हरची पळते, आणि का पळते ते बरोबर दाखवलंय: यार्डात हलवाहलव चालू असताना वॅगनींचे हवेचे पाइप जोडलेलेच नव्हते. जे जोडलेलंच नाही ते तुटणार कसं? सिनेमामागची घटनाही खरी आहे. मे २००१, अमेरिकेतलं ओहायो राज्य, ४७ वॅगनी. ड्रायव्हर रुळांचा काटा बदलायला चालत्या इंजिनातून खाली उतरला. इंजिनाचा ब्रेक लावलाय असं त्याला वाटत होतं, प्रत्यक्षात लागली होती पूर्ण ताकद. गाडी जवळपास १०५ किलोमीटर एकटी धावली. शेवटी दुसरं इंजिन मागून पळत येऊन तिला जोडलं, वेग खाली आणला आणि एक माणूस बाजूने धावत जाऊन चढला. कुणी मेलं नाही. सिनेमात अर्थातच शेवटी मोठं वळण आणि तेलाच्या टाक्या आल्या, पण सुरुवातीला खलनायक नाही. कंटाळलेला, घाईतला एक माणूस आहे. असे मी रोज बघतो. एखाद्या दिवशी आरशातही.

दुसऱ्यांदा मत बदललं ते गेल्या दिवाळीत. पुतणीला हसवायचं म्हणून मोबाइलवर 'बर्निंग ट्रेन' लावला. ब्रेकचा सीन आला, माझं व्याख्यान झालं, ती हसली. पुढे बघत बसलो आणि लक्षात आलं की आग डॅनी लावतच नाही. आग लागते स्वयंपाकाच्या गॅसने. सिनेमाच्या नावात जी जळणारी गाडी आहे ती खलनायकाने जाळलेलीच नाही, आणि चाळीस वर्षं मी ती त्याच्याच खात्यावर मांडत आलो होतो. तो सीन मी लहानपणी पाहिला असणारच. डोक्यात राहिला नाही. गॅसला डॅनीचं तोंड नसतं ना.

ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या डब्याला आग लागली. नियम धाब्यावर बसवून आत गॅस सिलिंडर नेलेला होता. नऊ माणसं गेली. डबा गाडीपासून तोडून यार्डात उभा करून ठेवलेला होता. ब्रेक, वेग, इंजिन, कशाचाच संबंध नाही. थांबलेल्या डब्यात माणसं गेली. मी थांबण्याच्या शास्त्रावर तीस वर्षं पोरांना हसवत होतो.

आपल्याकडच्या आपत्तीपटांना माणूस लागतो, बोट दाखवायला. ज्याची छाया 'बर्निंग ट्रेन'वर आहे त्या १९७४ च्या 'द टॉवरिंग इन्फर्नो'त आग लागते ती मालकाच्या जावयाने हलकी वायर वापरून पैसे वाचवले म्हणून. म्हणजे तिथेही दोषी आहे, पण तो बिल वाचवतोय, सूड घेत नाहीये. आपण ते उचलताना वायर काढली आणि सूड घातला. 'काला पत्थर'चंही (१९७९) तेच, आणि तो तर माझा फार आवडता सिनेमा आहे. त्यामागे धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीची दुर्घटना आहे, २७ डिसेंबर १९७५, पाणी शिरून ३७० हून जास्त कामगार गेले. सिनेमात प्रेम चोप्रा हा लोभी खाजगी मालक इंजिनिअरचं ऐकत नाही. खरी खाण ज्या पोलाद कंपनीची होती तिचं व्यवस्थापन १९७२ पासून सरकारकडे होतं. तिथे शेटजी नव्हता, फायली होत्या. फायलीच्या कानाखाली वाजवायला अमिताभ तरी कुठून आणणार?

तरी 'बर्निंग ट्रेन' मी आता भंगार म्हणत नाही. ब्रेकचं सोडा. धुरात एका डब्यातून दुसऱ्यात सरकणारी माणसं बघा, शाळेची पोरं आणि त्यांची बाई सिमी गरेवाल बघा. आग लागल्यावर डब्यात काय होतं ते या सिनेमाला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

अण्णा आता ८६ वर्षांचे आहेत, त्या दिवशी शेजारीच बसले होते. ब्रेकच्या सीनला १९८० सारखेच हसले. गॅसचा सीन झाल्यावर मी व्हिडिओ थांबवून विचारलं, "अण्णा, तुम्ही मला यार्डात नेऊन होजपाइप दाखवलात. हे का नाही सांगितलंत?"

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कोणत्या तोंडाने सांगणार? पंढरपूरला निघालो होतो तेव्हा कुर्डुवाडी येईपर्यंत तुझी आई बाकाखाली स्टो पेटवून ताईचं दूध गरम करत होती. पंप मीच मारत होतो. चल, लाव पुढे."