‘विंड अँड ट्रुथ’ वाचायच्या आधी आधीची चारही पुस्तकं परत वाचावीत का?

ब्रँडन सँडरसनच्या ‘स्टॉर्मलाइट’ या फँटसी मालिकेबद्दल तुम्ही लिहिलंय की चौथं पुस्तक आलं तेव्हाच वाचलं होतं, आता निम्मं विसरलात, मित्र म्हणतो रिकॅपचा एक व्हिडिओ बघ आणि पाचवं सुरू कर, आणि यात नायक कॅलडिन भाला ठेवून लोकांना समजावत बसतो असं ऐकल्यामुळे एवढी मेहनत घ्यावी का हाही प्रश्न आहे. छोटं उत्तर असं की चारही नको, पण चौथं अख्खं वाचा. नुसता रिकॅप बघून ‘विंड अँड ट्रुथ’ उघडू नका, प्लीज. बाकीचं जरा लांबेल, कारण हाच वाद माझा आणि माझ्या दादाचा पुस्तक आलं तेव्हापासून, म्हणजे डिसेंबर २०२४ पासून चालू आहे.

स्टॉर्मलाइट मला दिलं दादानेच. ‘द वे ऑफ किंग्ज’, म्हणजे पहिलं पुस्तक, हातात ठेवलं आणि म्हणाला, पहिली दोनशे पानं दम काढ, मग हवं तर मला शिव्या घाल. मी दम काढला. ब्रिज फोरची ती माणसं, खांद्यावर पूल घेऊन बाणांच्या माऱ्यात पळणारी, ना चिलखत ना ढाल, आणि त्यांच्यात सर्जनचा तो मुलगा कॅलडिन, जो एकालाही मरू द्यायला तयार नाही, तिथे मी अडकले ती अडकलेच. तेव्हापासून प्रत्येक पुस्तक आम्ही दोघांनी एकाच वेळी वाचायचं असं ठरलेलं. रात्री फोन, कुठवर आलीस, थांब पुढचं बोलू नकोस, वगैरे.

चौथं, ‘ऱ्हिदम ऑफ वॉर’, १७ नोव्हेंबर २०२० ला आलं. मी आयसीयूत नर्स आहे, त्यामुळे ते वर्ष कसं गेलं ते वेगळं सांगायला नको. पुस्तक यायच्या आठवडाभर आधी एका नाइटला सिरिंज पंपाचा अलार्म वाजत होता आणि मी त्याच्यासमोर उभी होते. काय करायचं ते मला पक्कं माहीत होतं. सिरिंज संपत आली होती, नवीन भरायची, लावायची, बस, वर्षानुवर्षं केलेलं काम. पण हात उचलेचना. लाल दिवा लुकलुकतोय आणि मी त्याच्याकडे बघतेय. शेजारचा बेड बघणारी मैत्रीण धावत आली, मला खांद्याने बाजूला केलं आणि तिने सिरिंज बदलली. पेशंटला काही झालं नाही. सकाळी इन्चार्ज सिस्टरनी मला बसवून घेतलं आणि सांगितलं, उद्यापासून तू स्टोअरला. शिक्षा नाहीये ही, असंही म्हणाल्या. मला ती शिक्षाच वाटली. दिवसभर ग्लोव्हजचे खोके मोजायचे आणि वर आपल्या पोरी मरमर राबतायत हे माहीत असायचं.

पुस्तक आलं त्याच आठवड्यात मी वाचलं की मोॲशसमोर, म्हणजे ब्रिज फोरमधल्या फितूर झालेल्या जुन्या मित्रासमोर, कॅलडिन गोठतो, हातपाय चालेनासे होतात, आणि मग त्याचा सेनापती डॅलिनार त्याला लढाईवरून काढतो. प्रेमाने काढतो आणि कॅलडिनला ते झेपत नाही. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही.

मग त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागात ती अंधाऱ्या खोलीची जागा येते. उरिथिरूमध्ये, म्हणजे त्या टॉवरच्या शहरात, ज्यांना लढाईचा धक्का बसलाय त्यांना शांत राहावं म्हणून एकेकटं अंधारात ठेवलेलं असतं. कॅलडिन तिथे जातो, नोरिल नावाच्या एकाला बाहेर उजेडात आणतो आणि मग त्याच्यासारखेच बाकीचे शोधून सगळ्यांना एकत्र बसवतो, एकमेकांशी बोलायला. ना जादू, ना कुणाचं तेज, ना शार्डब्लेडसारखी जादूची तलवार. उन्हात बसलेली काही माणसं, इतकंच. मला विचाराल तर पाच पुस्तकांतली सगळ्यात मोठी झेप तीच आहे, कारण रोशरमध्ये, म्हणजे या पुस्तकांच्या जगात, हे आधी कुणाला सुचलेलंच नाही, सगळे आपलं पिढ्यान्‌पिढ्या अंधारच देत आलेत.

त्या रात्री मी दादाला फोन केला. पंपाचं, बदलीचं घरी कुणालाच सांगितलं नव्हतं आणि कसं सांगायचं तेही कळत नव्हतं. म्हणून एवढंच विचारलं, ती अंधाऱ्या खोलीची जागा वाचलीस का रे? तो म्हणाला, हो वाचली, मस्त आहे. मला वाटलं त्याला कळलं. चार वर्षं मी तसंच धरून होते.

६ डिसेंबर २०२४ ला पाचवं आलं. तेराशेच्या वर पानं, दादाने पाच दिवसांत उडवलं. संपल्या संपल्या फोन, कॅलडिनची पार वाट लावलीय, हा कसला योद्धा, हा तर समुपदेशक झालाय, अचानक कुठून आलं हे. वर रागाच्या भरात शेवटही सांगून टाकला, तेव्हा मी जेमतेम तिसऱ्या दिवसावर होते (पुस्तक दहा दिवसांचं आहे, एकेक दिवस म्हणजे एकेक भाग). ते मी माफ केलं. पण ‘अचानक’ हा शब्द डोक्यात राहिला. अचानक कसं असेल? चौथ्या पुस्तकात दुसरं आहे काय?

नंतर त्याच्याकडे गेले तेव्हा कपाटातून त्याची ‘ऱ्हिदम ऑफ वॉर’ची प्रत काढली. बुकमार्क पहिला भाग संपतो तिथे. त्याच्या आधीची पानं वाचून फुगलेली, मऊ पडलेली, आणि नंतरची सगळी कोरी करकरीत, कडेला एकमेकांना चिकटलेली, बोटाने सोडवावी लागली. विचारलं तर म्हणाला, अगं ते फार रडगाणं चाललं होतं, मी रिकॅप बघितला ना, स्टोरी कळली की.

तर हे असं आहे. रिकॅप सांगतो की कॅलडिनला लढाईवरून काढलं, त्याने रुग्णांसाठी गट सुरू केला, ब्रिज फोरमधला टेफ्ट गेला, बाप टॉवरवरून पडला, कॅलडिनने चौथी शपथ घेतली. एकही वाक्य खोटं नाही. पण चौथी शपथ म्हणजे काही जणांना मी वाचवू शकणार नाही हे मान्य करणं, आणि ते मान्य करायला त्या माणसाला बाराशे पानं लागतात. ती बाराशे पानं तुम्ही त्याच्यासोबत काढली नसतील तर पाचव्यात तो झेथसोबत त्याच्या मायदेशी शिनोवारला जातो, त्याला बोलतं करायचा प्रयत्न करतो, बासरी शिकतो, हे तुम्हाला अचानकच वाटणार. आणि झेथ कोण, तर ज्याच्याशी तो दुसऱ्या पुस्तकात वादळात जिवावर उदार होऊन लढला तो. त्याच माणसाजवळ बसून कॅलडिन विचारतो की तुला नक्की काय होतंय. याला वाट लागणं म्हणत असाल तर मग पहिल्या पुस्तकात ब्रिज फोरच्या जखमा धुणारा कॅलडिनही तुम्हाला आवडायला नको होता. तो सर्जनचा मुलगा पहिल्या पानापासून आहे हो, भाला नंतर आला.

दादाचं दुसरं म्हणणं असं की लढाया कमी झाल्या. साफ चूक. डॅलिनारचा मुलगा ॲडोलिन याची अझिमीर शहरातली लढाई वाचा, सँडरसनने लिहिलेल्या सगळ्यात दमवणाऱ्या लढायांपैकी ती एक आहे, रोज माणसं कमी होत जातात आणि रोज तोच घुमट राखायचा. कॅलडिनच्या हातात भाला नाही म्हणून पुस्तकात युद्ध नाही असं होत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं. पहिलं पुस्तक परत वाचायला वेळ नसेल तर त्यातली झेथची मधली प्रकरणं तेवढी वाचा, कारण पाचव्यात भूतकाळाची प्रकरणं झेथची आहेत. दुसऱ्याचा फक्त शेवट चाळा. ‘ओथब्रिंगर’मधली डॅलिनारच्या भूतकाळाची प्रकरणं घ्या, त्याच्याशिवाय पाचव्याच्या शेवटाचं वजन कळणार नाही. ‘डॉनशार्ड’ ही छोटी कादंबरी राहिली असेल तर तीही. चौथं पूर्ण. ऑडिओवर ऐकणार असाल तर हिशोब करून ठेवा, एकटं पाचवंच साठ तासांच्या वर जातं.

आणि हो, पुस्तकात दोष नाहीत असं मी म्हणत नाहीये, हे आधीच सांगायला हवं होतं. स्पिरिच्युअल रेल्मचा, म्हणजे काळ-जागेपलीकडच्या जगातला, भाग लांबलाय, दीडदोनशे पानं आरामात कमी करता आली असती. यास्ना या विदुषी राणीचा तो वादविवाद मला अजून पटलेला नाही, निकाल सांगत नाही, पण इतकी हुशार बाई इतक्या कमी तयारीने येते हे खटकतं. भाषा काही ठिकाणी फारच आजची होते, रोशरमध्ये ‘थेरपिस्ट’ हा शब्द कानाला टोचला तो मलाही, यात दादा बरोबर आहे आणि मी त्याला तसं सांगितलंय. पण शब्द टोचला म्हणून काम खोटं ठरत नाही. तुम्हाला नुसत्या लढायाच हव्या असतील आणि चौथं तेव्हाच कंटाळवाणं वाटलं असेल, तर पाचवं घाईने घेऊच नका. दहापैकी पाच पुस्तकं झालीत, सहावं यायला अजून बरीच वर्षं आहेत.

माझं सांगायचं तर आठ महिन्यांनी मी आयसीयूत परत गेले, अजून तिथेच आहे. दादाची ती प्रत सध्या माझ्याकडे आहे. पंपाचं त्याला अजून सांगितलेलं नाही. आधी त्याने दुसरा भाग वाचावा असं मला वाटतं, म्हणून चिकटलेली पानं तेवढी सोडवून ठेवलीत, बुकमार्क हलवलेला नाही.