भुलीचा डोस दुप्पट केला तर झोपही दुप्पट लागते का?

नाही. काही मिनिटं वाढतील, पण बीपी मात्र कोसळेल. हा प्रश्न वाचून गप्प बसवेना, कारण मी स्वतः हा घोळ घातलाय.

तेव्हा मी भूलशास्त्राला शिकत होतो. स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन, पंचाहत्तरीच्या आजी, हृदय कमजोर, वजन 45 किलो. प्रोपोफॉल, ते दुधासारखं पांढरं औषध, धडधाकट तरुणाला किलोमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. आजींना मी 5 सीसी, म्हणजे 50 मिलिग्रॅम दिलं. अर्धा मिनिट झालं तरी आजी टक्क जाग्या. "झालं का रे बाळा?" विचारतायत. मागून सीनियर म्हणाले, "बघत काय बसलायस? ढकल अजून चार सीसी." ढकललं. मिनिटभरात आजी झोपल्या आणि वरचं बीपी 60. बीपी चढवणारं मेफेन्टरमाइन, सलाईन फुल्ल, पाय वर. आजी वाचल्या, पण माझे हात नंतर कितीतरी वेळ थरथरत होते. सीनियरचं म्हणणं, "म्हातारं शरीर, चालायचंच."

चालायचं कसलं! कमजोर हृदय औषध हातातून वर पोचवायलाच वेळ लावतं. शिवाय रक्तातली पातळी आधी चढते, मेंदूतली मागाहून. आजी जाग्या होत्या कारण पहिला डोस अजून वाटेत होता; दुसरा त्याच्यावर जाऊन आदळला. उतरतानाही तसंच. पाच-दहा मिनिटांत जाग येते ती लिव्हरने सगळं औषध संपवलं म्हणून नव्हे, ते मेंदूतून निघून स्नायूंत पसरतं म्हणून.

मेंदूचा आलेख लावला की हे डोळ्यांना दिसतं. थोड्या डोसला लाटा उलट वेगवान होतात, काही पेशंट बरळतात ते तेव्हाच. मग मोठ्या संथ लाटा येतात, ऑपरेशनला तेवढं पुरतं. त्यापुढे ढकलत राहिलात तर मधूनमधून रेषा सपाट होते. म्हाताऱ्या मेंदूत ती लवकर होते, आणि तिला गाढ झोप समजू नका.

हे सगळं एकदाच दिलेल्या इंजेक्शनबद्दल. तासनतास पंपावर औषध चालू असेल तर शरीरात साठतं आणि जाग लांबते. आधी फेन्टॅनिल, ते जबरदस्त वेदनाशामक, दिलं असेल तर डोस आणखी कमी लागतो.

ते सीनियर अजून म्हणतात, आजकालची पोरं घाबरट. सर, वाचत असाल तर सांगतो, आजींना पहिले पाच सीसी पुरले असते. आणखी मिनिटभर थांबायचं होतं, बस.