आई-वडिलांच्या घातक संशोधनाचा गैरवापर होताना त्याविरुद्ध उभं राहिलेलं शास्त्रज्ञ अपत्य कोण?

आयरीन जोलिओ-क्युरी. मारी आणि पिएर क्युरींच्या या थोरल्या लेकीला 1935 साली पती फ्रेडरिक यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. धोक्याची घंटा वडिलांनीच वाजवली होती: 1905 मध्ये स्टॉकहोमच्या नोबेल व्याख्यानात पिएर म्हणाले होते की गुन्हेगारांच्या हाती पडलं तर रेडियम (क्युरी दांपत्याने शोधलेलं किरणोत्सारी मूलद्रव्य) फार घातक ठरू शकतं. (हे व्याख्यान नोबेलच्या संकेतस्थळावर आहे, जरूर वाचा.) मुलीने आणि जावयाने ते मनावर घेतलं. अणुभट्टीच्या तत्त्वावरचं टिपण उघड न छापता फ्रेडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर 1939 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत सीलबंद पाकिटात ठेवलं. ते उघडलं गेलं 1949 मध्ये. हिरोशिमानंतर दोघंही अण्वस्त्रबंदीच्या चळवळीत उतरले, आणि त्याची किंमतही मोजली. अण्वस्त्रांवर बंदी मागणारं स्टॉकहोम आवाहन मार्च 1950 मध्ये निघालं आणि पुढच्याच महिन्यात फ्रेडरिक यांना फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाच्या प्रमुखपदावरून काढलं. आयरीनही त्या आयोगावर फार काळ राहिल्या नाहीत. माझ्या मते हे धैर्य त्यांच्या नोबेलपेक्षा तसूभरही कमी नाही.

मात्र बॉम्बचं सगळं मूळ क्युरींच्या रेडियममध्ये शोधू नका. युरेनियमच्या साखळी अभिक्रियेवर (एक अणू फुटला की त्यामुळे पुढचे फुटत जातात, त्या प्रक्रियेवर) काम केलं ते स्वतः फ्रेडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि मे 1939 मध्ये त्यांनी जी पेटंटं नोंदवली त्यांतलं एक स्फोटकांबद्दलचं होतं.