कोकणच्या किनाऱ्यावरील तेलगोळ्यांच्या तपासात इतर देशांचे सहकार्य कशासाठी हवे?

कारण गोळा सापडतो मालवण किंवा अलिबागच्या वाळूत, पण त्यातले तेल कुठे सांडले हे वाळू सांगत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वारे किनाऱ्याकडे वळले की हे काळे, चिकट गोळे रापणीच्या जाळ्यात आणि चालणाऱ्याच्या तळव्यांना लागतात. साध्या पाण्याने ते निघत नाहीत, खोबरेल चोळावे लागते. प्रयोगशाळेत त्यातील हायड्रोकार्बनांची, म्हणजे तेलाच्या मूळ घटकांची, 'बोटखूण' (त्या तेलाची ओळख पटवणारी खूण) काढता येते, मात्र ती जुळवून पाहायला संशयित जहाजाच्या किंवा तेलक्षेत्राच्या तेलाचा नमुना हवा, आणि अरबी समुद्रातून जाणारी अनेक जहाजे परदेशी ध्वजाखाली असतात.

शिवाय प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने मोजमाप केले, तर आकडे शेजारी-शेजारी ठेवता येत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 1999 मध्ये सुरू केलेल्या 'गीवा' या पाहणीत जगातील सामाईक पाणी 66 विभागांत वाटून गोड्या पाण्याची टंचाई, प्रदूषण, अधिवासांचा ऱ्हास, अतिमासेमारी आणि जागतिक बदल हेच पाच निकष सर्वत्र लावले गेले. आपल्या भागात भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश व मालदीव यांचा दक्षिण आशियाई समुद्र कृती आराखडा 1995 मध्ये संमत झाला; तो बंधनकारक करार नाही, हीच माझ्या मते त्याची मोठी उणीव आहे. जहाजांवर खरा वचक आहे तो मारपोल या जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, आणि तोही पुरावा हाती असेल तरच.