मोडलेलं विमान घेऊन जा

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. रिमोटवर उडणारी थर्मोकोलची दोन विमानं त्यानं आणली आणि मोडली. शहराबाहेरच्या माळावर दर रविवारी हौशी विमानवाल्यांचा क्लब जमतो, तिथं त्याला जायचंय. एकदा आम्ही गेलो, तर सगळे चाळिशी-पन्नाशीचे, आपापल्या गप्पांत. याला कुणी विचारलंसुद्धा नाही. वर्गणी भरावी, की त्या पैशात तिसरं विमान घ्यावं?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, तिसरं विमान नको. तेही पडेल, आणि का पडलं ते कळणार नाही. एनसीसीच्या एअर विंगमध्ये मी बरीच वर्षं पोरांना मॉडेलं करायला शिकवलं. नवख्याचं विमान पुष्कळदा टेबलावरच बिघडलेलं असतं, माळावर फक्त निकाल लागतो.

मुलाला ते मोडलेलंच विमान घेऊन पाठवा, डागडुजी न करता. नवं कोरं पाहून ही मंडळी मान डोलावतात आणि चहाकडे वळतात. मोडलेलं दिसलं की चौघं गोळा होतात. ‘मला उडवायला द्या’ म्हणू नये. ‘काका, याचा सीजी (म्हणजे तोलाचा बिंदू) बघता का?’ म्हणावं. कुणीतरी पंखाखाली दोन बोटं टेकवून ते तोलून दाखवेल. साध्या ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीच्या विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून, पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा. नाक जड असलं तर विमान कसंबसं उडतं. शेपूट जड असलं तर एकदाच उडतं, असं आमच्यात म्हणतात. मग एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी. रिमोटची स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन वर गेलं पाहिजे. उलटं जोडलेलं मी मुरलेल्यांच्या विमानांतही पाहिलंय.

बडी बॉक्सची सोय आहे का, हे जरूर विचारा. यात दोन ट्रान्समीटर, म्हणजे हातातले रिमोट, एकमेकांना जोडलेले असतात, एक शिकवणाऱ्याकडे, एक मुलाकडे. शिकवणाऱ्यानं बटण दाबून धरलं तोवर ताबा मुलाकडे. विमान झोकांड्या खाऊ लागलं की बटण सोडून तो स्वतःकडे घेतो. म्हणून मुलासाठी रेडिओ (हाच तो रिमोट) घेण्याआधी त्यांचा कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या मोडचा आहे ते बघा. मोड २ मध्ये थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारी स्टिक, डाव्या हाताला असतो, मोड १ मध्ये उजव्या. इथं गफलत झाली तर शिकवायची इच्छा असूनही त्यांना फार काही करता येत नाही.

कुणी विचारलं नाही, ते मनाला लावून घेऊ नका. विमान हवेत असताना आम्हाला घरच्यांची हाकही ऐकू येत नाही. मुलानं वारा सुटायच्या आत, सकाळी लवकर पोचावं. उसात पडलेलं विमान शोधायला तरुण पाय सगळ्यांनाच हवे असतात.

घराजवळच्या मैदानावर एकट्यानं सराव नको. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि उजळाईवाडीचा विमानतळ तुम्हाला जवळच आहे. क्लबवाल्यांना कुठं चालतं ते ठाऊक असतं. विमानातली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये, हे मात्र तुम्हीच बघा.

वर्गणी दोन-तीन रविवार पाहून भरा. पोराच्या हातात बडी बॉक्स न देता नुसत्या स्वतःच्या जेटच्या किमती ऐकवत असतील, तर भरू नका.