पाँग या टेबल टेनिससारख्या व्हिडिओ गेमचा मूळ सोर्स कोड कोणत्या भाषेत लिहिला होता आणि तो कुठे मिळेल?

कोणत्याच भाषेत नाही. अटारीच्या 1972 च्या पाँगमध्ये कोडच नव्हता. प्रोसेसर नाही, रॉम (प्रोग्राम साठवणारी चिप) नाही; नुसता टीटीएल आयसींनी, म्हणजे साध्या लॉजिक चिप्सनी भरलेला बोर्ड. काउंटर, फ्लिप-फ्लॉप आणि गेट, एवढंच.

याच प्रश्नापायी माझ्या विद्यार्थ्यांचे मार्क गेलेत, म्हणून सविस्तर लिहितो. मी पॉलिटेक्निकमध्ये डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. शेवटच्या वर्षाच्या एका ग्रुपने प्रोजेक्टला पाँग घेतला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून 74 सिरीजच्या टीटीएल आयसी आणल्या, रिपेअरवाल्याकडून जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही मिळवला. मूळ सर्किट अमेरिकन टीव्हीचं, तिथे पडद्याच्या एका फेरीला (फील्डला) साधारण 262 ओळी; आपल्याकडे 312. त्यामुळे चित्र सारखं वर सरकायचं. पोरांनी काउंटरचं रिसेट बदलून ते थांबवलं, आणि खरा अभ्यास तिथेच झाला.

मग चेंडू. चेंडूचा काउंटर पडद्याच्या ओळी मोजणाऱ्या काउंटरइतकाच मोजत असेल, तर चेंडू जागच्या जागी उभा. एक ओळ कमी-जास्त मोजायला लावा, की दर फ्रेमला तो एक ओळ सरकतो. चेंडू कुठे आहे हे कुठेही 'लिहून' ठेवलेलं नसतं. बॅट म्हणजे 555 टायमर आणि पोटेंशिओमीटर: नॉब फिरवला की पल्सची लांबी बदलते, बॅट वर-खाली होते. मूळ मशीनमध्ये बॅट पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत जात नसे. तो सर्किटचा दोष, पण अटारीचा इंजिनिअर ॲलन अल्कॉर्न याने मुद्दाम तसाच ठेवला, नाहीतर दोन चांगले खेळाडू खेळतच बसले असते. बॅटचे आठ भाग करून जिथे चेंडू लागेल तसा कोन द्यायचा, हीही त्याचीच करामत. आवाजासाठी तर त्याने वेगळं काही बांधलंच नाही. टीव्हीचं चित्र जागेवर धरणाऱ्या सिंक सर्किटमध्ये आधीच असलेल्या फ्रिक्वेन्सीतून 'टक्' काढला.

व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नल परीक्षक आले, खेळून बघितलं, आणि म्हणाले, "कोड दाखवा." मुलांनी सर्किट डायग्राम पुढे केला. "म्हणजे सॉफ्टवेअर पार्ट नाही?" मार्क कापले. आमचे विभागप्रमुख शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "हे मायक्रोकंट्रोलरवर एका दुपारी झालं असतं." झालं असतं, कबूल. पण काउंटर सरकवून चेंडू हलतो, हे त्या दुपारी एकाला तरी कळलं असतं का? स्टाफरूममध्ये मी हे कितीदा बोललो. अजूनही बोलेन.

कोणी बनवला म्हणाल, तर श्रेय अल्कॉर्नला द्या. अटारीचा मालक नोलन बुशनेल याने त्याला नवशिक्याचा सराव म्हणून हे काम दिलं होतं, वर जनरल इलेक्ट्रिकचं कंत्राट असल्याची थापही मारली. आणि बुशनेलने त्याआधी मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या घरगुती गेम-यंत्रावरचं टेबल टेनिस पाहिलं होतं. ते राल्फ बेअरच्या टीमचं. यावरून कोर्टकचेरी झाली आणि अटारीने 1976 मध्ये तडजोड करून लायसन्स घेतलं. म्हणून कल्पना बेअरची, पण सनीव्हेलच्या बारमधल्या ज्या मशीनचा नाण्यांचा डबा भरून ते बंद पडलं, ते अल्कॉर्नचं. कंपनीचा मालक म्हणजे निर्माता, हे मला मान्य नाही.

तेव्हा कोड शोधू नका, सर्किट डायग्राम शोधा, नेटवर आहे. सिम्युलेटरने सुरुवात करू नका, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीवर) आधी फक्त सिंक उभं करा, स्थिर पडदा आला की मग बॅट, चेंडू शेवटी. प्रोजेक्ट हाच घेणार असाल तर रिपोर्टच्या पहिल्याच पानावर ठळक लिहा की यात सॉफ्टवेअर नाही आणि का नाही.

एक राहिलं: हे सगळं आर्केडच्या मशीनबद्दल. 1975 चा घरगुती पाँग एका चिपवर होता. त्यातही प्रोग्राम नव्हता, पण ब्रेडबोर्डवर तो बांधता येणार नाही. आर्केडमध्ये मायक्रोप्रोसेसर आला तोही त्याच वर्षी, मिडवे कंपनीच्या गन फाइट या गेममध्ये. कोडच वाचायचा असेल तर तिथून पुढचे गेम बघा.